मंगलीच्या दाढेवरचा बोळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या मेश्राम डॉक्टरांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जात असेल.

पण सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. मी दुःखी माणूस नाही. बल्लारपुरात आमचं छोटं घर आहे, दारात शेवगा आहे, बायको अजून माझ्या थापांना हसते. रात्री झोप लागते. लागते – हेच कधी कधी खटकतं. असं काही करून बसलेल्या माणसाला झोप कशी लागते? पण लागते. त्यात खोटं कशाला बोलू.

मी इकडचा नव्हे. देवगडकडचा, समुद्राकाठचा. शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली – वाचायला उभं केलं की माझी जीभ टाळूला चिकटायची आणि सगळा वर्ग हसायचा. पुढे काही वर्षं होड्यांवर गेलो, पण तिथेही माझं काही खरं नव्हतं. लाटेने होडी उचलली की पोटात गोळा येणारा माणूस होडीत काय कामाचा? शेवटी रेल्वेत असलेल्या मामाने मला बल्लारपूरला आणलं. मग मामाची बदली झाली, तो गेला आणि मी राहिलो. कारण तोवर मला डॉक्टर भेटले होते.

डॉक्टर दातांचे. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूर सोडलं की या बाजूला दाताचा डॉक्टर शोधून सापडायचा नाही. राजुरा, गोंडपिपरी, जिवतीचे डोंगर, पार अहेरीकडून माणसं गाल सुजवून आमच्याकडे यायची. डॉक्टर याच मातीतले. आईवडील शेतमजूर, आणि हे शिकून डॉक्टर झालेले. दवाखान्यामागची खोली त्यांनी मला राहायला दिली, दोन्ही वेळा त्यांच्या घरचा डबा यायचा, आणि डबा आणून देणारी त्यांची आई मला ‘कोकणातला लेक’ म्हणायची. त्यांनी मला काय बघून ठेवलं असेल? खांदे बघून ठेवलं असणार. कारण मला पहिलं काम मिळालं ते पोरांना धरायचं.

धरायचं म्हणजे – पोर खुर्चीत, आई त्याच्या पायांवर, आणि मी त्याच्या छातीवर आडवा हात टाकून. डोळ्यांवर दिवा. पोराची छाती माझ्या हाताखाली धडधडायची, अगदी हातात धरलेल्या पाखरासारखी. संध्याकाळी जेवायला बसलो तरी ती धडधड हातात असायची. मी मुळात घाबरट. दुसऱ्याची भीती मला लगेच लागते. डॉक्टरांनाही ते आवडत नव्हतं. एकदा असंच एक पोरगं खुर्चीत घाबरून ओलं झालं, तेव्हा त्यांनी हातातली पक्कड ताटलीत टाकली.

“बंद कर,” म्हणाले. “आपण दात काढून राह्यलो का पोट्ट्याचा जीव?”

त्यानंतर ते नागपूरला जाऊन आले आणि येताना औषधाच्या बाटल्या घेऊन आले. पातळ, गोडसर, मागे कडवट चव ठेवणारं औषध. मी त्याला झोपेचं औषध म्हणालो, तर त्यांनी मला समोर बसवलं. “झोपेचं नाई रे. शांत करायचं. पोट्टं जागंच राह्यलं पाह्यजे. आपण हाक मारली की त्यानं ओ दिली पाह्यजे. ओ नाई दिली, तर समज, आपण चुकलो.” पोराचं वजन करायचं, वजनाप्रमाणे माप घ्यायचं, पोर उपाशीपोटी हवं, आणि औषध पाजल्यावर घाई न करता थांबायचं. ज्या पोराला यानेही जमणार नाही त्याला नागपूरला मोठ्या इस्पितळात पाठवायचं, तिथे पूर्ण भूल देऊन दात काढतात. पण तेंदूपत्ता तोडायच्या किंवा धानाच्या रोवणीच्या दिवसांत पोराला घेऊन नागपूरला कोण जाणार? म्हणजे सगळी भिस्त त्या बाटलीवर.

हे सगळं मला समजलं होतं. मुद्दाम सांगतो. मी अडाणी होतो, मला कळलं नाही, असं तुम्ही माझ्या वतीने म्हणू नका. कळलं होतं.

औषध चढेपर्यंत पोराला पडद्यामागच्या बाकावर घेऊन बसायचं, हे माझं काम. नुसतं कसं बसणार? मी त्यांना समुद्र सांगायला लागलो. या पोरांनी वर्धा नदी पाहिलेली, वैनगंगा पाहिलेली – पण पलीकडचा काठच दिसत नाही असं पाणी? मी सांगायचो, आमच्याकडे संध्याकाळी पाणी घरी जातं आणि सकाळी परत येतं. खेकडे तिरके चालतात, एक मासा रागावला की चेंडूसारखा फुगतो. पोरांशी बोलताना माझी जीभ कधी अडकली नाही. ज्या समुद्राला घाबरून पळालो, त्याच्याच गोष्टी रंगवून सांगत होतो. हसू नका.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग कागद मिलच्या वसाहतीतलं एक पोरगं आलं आणि त्याने औषध तोंडात घेऊन माझ्या सदऱ्यावर थुंकलं. अर्धं गेलं असेल, अर्धं पोटात राहिलं असेल. डॉक्टरांना सांगायला हवं होतं. पण बाहेर रांग होती, डॉक्टर घाईत होते – आणि मला वाटलं, आपल्यालाच औषध पाजता आलं नाही असं होईल. मी बाटली घेतली, बुचात थोडं ओतलं, त्यात साखर घातली आणि पाजलं. थुंकलं होतं त्यापेक्षा जास्तच गेलं असणार. ते पोरगं खुर्चीत असं बसलं की काय सांगू – लोण्यासारखं मऊ. दात निघाला तरी हूं की चूं नाही.

त्याचा बाप मोठा मस्कऱ्या. म्हणाला, “डागदर, तुमाले पाहून थे बोंबलते, अन् या कंपाउंडरच्या मांडीवर गाय होते. कुर्सी त्यालेच देऊन टाका आता.”

डॉक्टर मोठ्याने हसले. “अबे, तुहा समुंदर तर माह्या औषधापेक्षा भारी निघाला!”

सगळे हसले. मीही हसलो. वर्गातलं हसणं मी ऐकलेलं होतं. हे तसं नव्हतं. हे माझ्याकडे बघून, माझ्यासाठी होतं. तुम्हाला लहानपणापासून शाबासकी मिळत आली असेल तर हे सांगून कळणार नाही. मला ती पहिल्यांदा मिळाली. आणि मी काय केलं? पुढच्या पोराला मापापेक्षा जरा जास्त पाजलं. त्याच्या पुढच्यालाही.

बाटली लवकर संपते हे डॉक्टरांच्या लक्षात यायचं, पण पोरं थुंकतात, सांडतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. आणि माझ्यावर त्यांचा विश्वास होता. माझं नाव झालं. बायका रिक्षातून उतरतानाच विचारायच्या, “समुंदरवाला भाऊ हाये का?” डॉक्टर चंद्रपूरला दुसऱ्या डॉक्टरांना सांगून आले म्हणे, की आमच्याकडचा एक माणूस नुसत्या गोष्टी सांगून पोरांना शांत करतो. आणि मग व्हायला नको तेच झालं. जरा जाणत्या पोरांना औषध द्यायचंच त्यांनी बंद केलं. “औषध कायले? तू समुंदर सांग,” म्हणायचे. नुसत्या समुद्राने पोर गप्प बसलं नाही तर? माझं पितळ उघडं पडेल या भीतीने मी अशा पोरांनाही चोरून पाजायला लागलो. ते माझ्यामुळे औषध कमी करत होते, आणि मी त्यांच्यामुळे वाढवत होतो. डॉक्टर अभिमानाने माझ्याकडे बघायचे, तेव्हा मला लाज वाटायची का? वाटायची. पण गोडही वाटायचं.

किती वेळ मी इकडचं तिकडचं बोलतोय. मंगलीपर्यंत यायला पाय उचलत नाहीये, दुसरं काही नाही.

मंगलीची आई सोमीबाई. जिवतीच्या डोंगरातल्या एका गुड्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंड बाई. पोरीला कडेवर घेऊन डोंगर उतरून रस्त्याला लागली आणि एस.टी.ने आमच्याकडे आली. पोर असेल पाच-सहा वर्षांची. एक गाल टरटरून सुजलेला. ती रडत नव्हती. आईचा पदर दातांत धरून नुसती बघत होती, आणि कुणी जवळ गेलं की सगळं अंग ताठ करायची. डॉक्टरांनी लांबूनच डोकावून पाहिलं आणि दाढ काढावीच लागेल म्हणाले. मग मला म्हणाले, “आधी तुहा समुंदर सांगून पाह्य,” आणि आत दुसऱ्या माणसाकडे गेले.

पडद्यामागे मी तिला बाकावर बसवलं आणि सुरू केलं – पाणी घरी जातं, खेकडे तिरके चालतात... पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग सोमीबाई म्हणाली, “तिले मराठी नाई समजत जी. गोंडीच बोलते.”

माझा समुद्र तिथे संपला. आता काय करायचं? बाहेर चार माणसं मला ऐकत होती. सोमीबाई नळावर पाणी प्यायला गेली. मी बाटली काढली, बूच भरलं, साखर घातली. पोरगी साखर म्हणून मुकाट प्यायली. मग आणखी एक पाजलं. गाल सुजलेला, दुखत असणार, असं मी स्वतःला सांगितलं असेल. आता आठवत नाही. पाजलं, हे आठवतं.

बाटली ठेवून मी वळतो तो डॉक्टर. त्यांनी तिच्याजवळ येऊन पाहिलं, ती तशीच ताठ. “आज समुंदरानं नाई भागत,” ते म्हणाले. तिचं वजन केलं, औषधाचं माप स्वतःच्या हाताने भरलं आणि पेला तिच्या तोंडाशी नेला.

मी पडदा धरून उभा होतो. एका हाताच्या अंतरावर. ‘थांबा’ म्हणायला किती वेळ लागतो? अडकणारी जीभ असली तरी तो काही अवघड शब्द नाही. पेला तिच्या ओठाला लागला. मगाशी माझ्या बुचातून साखर मिळाली होती, म्हणून तिने तोंडही उघडलं – स्वतःहून. मी बोललो नाही. काही होणार नाही असं वाटलं म्हणून? नाही. काही होईल हे मला ठाऊक होतं. मला एवढंच दिसत होतं, की हे सांगितलं तर आधीचं सगळं सांगावं लागेल. मग खोली जाईल, डबा जाईल, ते ‘कोकणातला लेक’ म्हणणं जाईल.

औषध चढल्यावर दाढ फार सहज निघाली. डॉक्टर खूश होते. कापूस दाबून त्यांनी हाक मारली, “मंगली.” मग पुन्हा. मग तिच्या आईला हाक मारायला सांगितली. पोरगी ओ देईना.

तिचा श्वास मला अजून ऐकू येतो. एक यायचा, घोरल्यासारखा, आणि मग – मग काहीच नाही, आणि मग पुढचा. ओठांचा रंग बदलला. डॉक्टरांनी तिला कुशीवर घेतलं, हनुवटी वर उचलून धरली, आणि आमच्या दोघांकडे बघून विचारलं, “सकाळपासून हिच्या पोटात काय गेलं? खरं सांगा.”

आमच्या दोघांकडे बघून. मी तोंड उघडलं होतं – की उघडलं होतं असं मला नंतर वाटायला लागलं? काही असो. सोमीबाई आधी बोलली.

“काई नाई दिलं जी. रातभर दाढ ठणकत होती, म्हून मोहाच्या दारूत बोळा बुडवला अन् दाढेवर ठेवला.”

डॉक्टरांच्या वडिलांना दारूने नेलं होतं. हे सगळ्या गावाला ठाऊक. तो शब्द ऐकला आणि त्यांचा चेहराच बदलला.

“दारू? लेकराच्या तोंडात दारू?”

“पाजली नाई जी! बोळा निस्ता. आमच्यात ठेवतेत.”

“त्यानंच झालं हे! माह्या औषधावर तुही दारू. मारून टाकतेस काय पोरीले?”

सोमीबाई खाली बसली. तोंडावर पदर घेऊन बसून राहिली. आणि मला – मला हायसं वाटलं. बाकीचं सगळं एक वेळ मी विसरेन. पण पोरीचा श्वास अडकलेला असताना मला हायसं वाटलं, हे नाही विसरता येत.

डॉक्टरांनी मला शेजारच्या गल्लीतल्या प्रसूतिगृहातून ऑक्सिजनची टाकी आणायला पिटाळलं. हातगाडीवर टाकी घालून मी असा धावलो की लोक बाजूला होत होते. त्या धावण्यात मला बरं वाटत होतं, आपण पोरीसाठी जीव तोडतोय असं. पण डॉक्टरांना टाकीइतकीच दुसरी एक गोष्ट हवी होती. पोरीच्या पोटात नेमकं किती औषध आहे, ते. ते एका बोळ्याशी लढत होते, आणि खरं काय आहे हे ज्याला ठाऊक होतं तो गाडी ढकलत होता. परत आल्यावर सांगता आलं असतं. मी टाकीचा पाना फिरवला आणि नळी लावली.

डॉक्टर तिची हनुवटी धरून बसले होते. पाठ आखडली तरी कुणाला हात लावू दिला नाही. ऊन कलल्यावर मंगलीने डोळे उघडले आणि म्हणाली, “येर.” गोंडीत पाणी. सोमीबाईने आधी डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवलं, मग माझ्या. मी पाय मागे घेतले नाहीत.

त्या दिवसापासून चोरून एक थेंबही दिला नाही. पोरं पुन्हा रडायला लागली. डॉक्टर चेष्टा करायचे, “काऊन रे, तुहा समुंदर आटला काय?” मग हळूहळू आम्हाला दुसरी वाट सापडली. पोराच्या हातात आरसा द्यायचा. त्याला डॉक्टरांचेच दात मोजू द्यायचे. पहिल्या खेपेला नुसतं खुर्चीत बसवून घरी पाठवायचं. गोंडीतले चार शब्द मी शिकून घेतले. तरीही काही पोरांना औषध लागायचंच. ते डॉक्टर मापायचे आणि मी त्यांच्यासमोर पाजायचो. शाबासकी कमी झाली, पण काम चांगलं झालं. औषधांच्या बाटल्यांवरची इंग्रजी नावं वाचायला डॉक्टरांनीच मला शिकवलं. माझ्या लग्नात ते माझ्याकडच्या माणसांत उभे राहिले, कारण माझ्याकडची माणसं होती कुठे? त्या दवाखान्यात माझी फार चांगली वर्षं गेली. हेही खरंच आहे. आणि ती वर्षं मला मिळाली, कारण मी बोललो नाही. हेही.

मंगलीच्या प्रसंगानंतर डॉक्टरांनी नियम केला. औषध देण्याआधी प्रत्येक आईला विचारायचं, मोहाचा बोळा ठेवला होता का. विचारायचं काम कुणाचं? माझं. किती बायकांना मी ते विचारलं असेल. त्या मान खाली घालायच्या, पोराला पोटाशी घ्यायच्या, घाबरून खोटं बोलायच्या. त्यांच्या आया-आज्यांनी ठेवला होता तो बोळा. एवढ्याशा बोळ्याने कुणाचा श्वास अडकत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी मी विचारत राहिलो. आवाजात जरा जरबही आणायचो.

सोमीबाई दर उन्हाळ्यात यायची. पळसाच्या पानात बांधलेली टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आणायची, कधी चारोळी. “तुमच्यामुळं पोरगी हाये जी,” म्हणायची. मी खायचो. गोड असायची.

डॉक्टर गेले. दवाखाना नव्या डॉक्टरांनी घेतला, मलाही ठेवून घेतलं. मंगलीचं लग्न झालं होतं, आणि एकदा तिच्या पोराचा दात दुखायला लागला म्हणून आजीच त्याला घेऊन आली. सोमीबाई थकली होती, पण बोलणं तसंच. बाकावर बसलेली एक म्हातारी तिला म्हणाली, “अवो बाई, मोहाचा बोळा ठेवा ना, ठणका जाते.”

सोमीबाईने दोन्ही हात कानांना लावले. “नाव नोको घेऊ, बाई. माह्याच हातानं म्या माही पोरगी मारली होती त्या बोळ्यानं. डागदरानं वाचवली. विचार ना या भाऊले, होता थो तिथी.”

बाकावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. डॉक्टर नव्हते आता. खोली जाण्याची भीती नव्हती, डबा जाण्याची नव्हती. माझं स्वतःचं घर होतं, पोरं मोठी झाली होती. कशाचीच भीती नव्हती.

मी मान डोलावली. होय म्हणून.

सोमीबाई त्यानंतर दोन उन्हाळे आली, मग आली नाही. मग मंगलीनेच निरोप पाठवला, आई गेली म्हणून. शेवटपर्यंत तिने घरात कुणाच्या दाढेवर बोळा ठेवू दिला नाही, असं निरोप आणणारा कौतुकाने सांगत होता.

बोळ्याने काही झालं नव्हतं. डॉक्टरांचं मापही बरोबर होतं. त्याआधीची दोन बुचं मी पाजली होती.